ट्यूबचं नाव मी का सांगत नाही

अंगाच्या खाजेवर मी कोणती ट्यूब लावतो, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो, पण हे विचारणारे तुम्ही पहिले नाहीत. सकाळी डेअरीवर दूध मोजून झालं की कुणीतरी मागे रेंगाळतो. बाकीचे आपापले कॅन घेऊन गेले की हळूच जवळ येतो. "आप्पा, कोनती ट्यूब लावतस तुम्ही?" तोवर त्याचा हात आपोआप कमरेकडे नाहीतर काखेकडे गेलेला असतो. माझ्या मानेवरचं त्याला दिसतं, त्याचं मला दिसत नाही, आणि दोघांचं एकच आहे असं धरून तो चालतो. मी नाव सांगत नाही. त्यामुळे गावात माझ्याविषयी मत फारसं चांगलं नाही. एक-दोघांना तर वाटतं, आप्पा कुठल्याशा वैद्याला शब्द देऊन बसलाय.

आधी माझं काय आहे ते सांगतो. माझं इसब गाजर गवताचं आहे. कुणी काँग्रेस गवत म्हणतात, तेच. पापण्या, कानामागची जागा, मानेच्या घड्या, शर्टाच्या पहिल्या गुंडीवरचा उघडा भाग आणि कोपराची आतली घडी ही त्याची ठरलेली ठिकाणं. आधी लाल होतं, मग बारीक पुळ्या येतात, पाणी सुटतं, खपली धरते आणि शेवटी कातडी जाड, काळपट होऊन बसते. खाज मात्र या प्रत्येक पायरीवर असते. रात्री जास्त. झोपेत खाजवलेलं सकाळी नखांवरून कळतं. बऱ्याच वर्षांच्या खाजवण्याने माझी नखं घासून चकचकीत झाली आहेत. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा माझी मान नाही पाहिली, नखं पाहिली. लग्नात एका पाहुण्याने मात्र "नेलपॉलिश लावता का हो?" म्हणून विचारलं होतं.

हे गवत आपलं नाही. मूळ अमेरिका खंडातलं. आपल्याकडे 1950च्या दशकात पुण्यात ते नजरेत भरलं. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर त्याचं बी आलं असं जुनी माणसं सांगतात, आणि नावातला काँग्रेस त्या काळच्या सरकारवरचा राग असावा, असा आमच्याकडचा समज. एका झाडाला 15 ते 25 हजार बिया धरतात. उगवल्यापासून महिना-सव्वा महिन्यात ते फुलतं, आणि पाणी मिळालं तर ऋतू बघत नाही. आमच्याकडे गिरणेचं पाटाचं पाणी फिरतं, त्यामुळे भर उन्हाळ्यातही पाटचारीच्या कडेला ते हिरवंगार. चाळीसगाव-धुळे रेल्वेच्या कडेने बघा, पडीक प्लॉटात बघा, उकिरड्यावर बघा. माझा डेअरीचा रस्ताच चारीच्या काठाने जातो. मोटरसायकलवर सकाळी वारा तोंडावर घेत जायचो, तेव्हा त्या वाऱ्यात काय असतं याचा विचार कोण करतो?

त्या झाडात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. पानावरच्या बारीक लवेत असतं, परागात असतं, आणि झाड वाळून त्याचा भुगा झाला तरी त्या धुळीत ते राहतं. म्हणजे अंगाला झाड घासलंच पाहिजे असं नाही, हवेतून आलेलं पुरतं. सगळ्यांना ते बाधत नाही. माझा भाऊ उघड्या हातांनी ते उपटतो, त्याला काही होत नाही. ज्याच्या शरीराने एकदा त्याला शत्रू म्हणून ओळखलं, त्याची ती ओळख मात्र सहसा पुसली जात नाही. "अजून बरं नही व्हयनं का?" असं विचारणाऱ्यांना मी एवढंच सांगतो की हा ताप-खोकला नव्हे. हे एकदा येऊन जाणारं दुखणं नाही. गवत आहे तोवर हे येत राहणार.

ढोरांनाही हे गवत सुटत नाही, बरं का. चाऱ्यातून पोटात गेलं की दुधाला कडवटपणा येतो. आम्ही डेअरीवर असं दूध चव घेऊन बाजूला काढतो आणि मालकाला म्हणतो, बांध बघ. तो बांध बघतोही. पण माणसाच्या अंगावर उठलं की आमच्याकडे कुणी बांध बघत नाही, सगळे ताट बघतात.

आता ताटाची गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. या अॅलर्जीची खोड अशी की गवतातून आज जावं आणि खाज उद्या-परवा उठावी. दोन दिवसांत माणूस काय काय खातो! त्यामुळे खापर जेवणावर फुटतं. आमच्या मायने पहिल्याच वर्षी निकाल दिला, "वांगं बंद कर, मंग देख." खान्देशात हिवाळ्यात वांगं बंद करायचं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. बामणोदची वांगी बाजारात आलेली, शेतात काड्यांवर भाजणं चाललेलं, बडजीत कुटलेलं भरीत, कळण्याची भाकरी, आणि मी पिठलं खात बसलेला. आणि झालं असं की त्या हिवाळ्यात मान खरंच शांत झाली. थंडीत आमच्या भागातलं गवत बरंचसं वाळतं, फुलोरा कमी होतो, म्हणून झाली. पण नाव वांग्याचं झालं. मायचा विश्वास इतका पक्का बसला की पुढे पॅच टेस्टचा कागद दाखवला तरी ती म्हणाली, "त्या कागदावर वांगं लिहेल नही शे, म्हनीसन काय व्हयनं?"

ही पॅच टेस्ट काय ते सांगतो, कारण तिच्याशिवाय माझं कोडं सुटलं नसतं. पाठीवर छोट्या छोट्या टिकल्यांसारख्या डब्या चिकटवतात, प्रत्येकीत एकेक पदार्थ. दोन दिवस त्या तशाच ठेवायच्या, आंघोळ नाही, घाम येईल असं काम नाही. मग काढून बघतात, आणि पुन्हा दोन दिवसांनी बघतात, कारण काही पदार्थ उशिरा बोलतात. आमच्या मे महिन्यात घाम नको म्हणणं म्हणजे तापीला उलटं वाहा म्हणण्यासारखं, म्हणून बाईंनी मला थंडीत बोलावलं. पाठीवर एकाच ठिकाणी लालभडक फुगवटा आला, गाजर गवताच्या. शेवंतीच्या जागीही थोडं उठलं. शेवंती, सूर्यफूल, झेंडू, हे सगळे त्याच कुळातले. तेव्हा कळलं की दसऱ्यानंतर दरवर्षी माझे डोळे का सुजायचे. आता दाराचं तोरण भाऊ करतो. लग्नात सत्काराला टोपी-टॉवेल आनंदाने घेतो, हार मात्र गळ्यात पडायच्या आत हातात घेतो. पहिल्यांदा व्याह्यांना तो अपमान वाटला होता.

आता ट्यूबकडे येतो. नाव न सांगण्याचं कारण असं.

माझ्याकडे मागे रेंगाळणाऱ्यांपैकी बहुतेकांना माझं नसतंच. त्यांना गजकर्ण असतं. जांघेत, कमरेला, काखेत, जिथे घाम आणि घट्ट कपडा तिथे. गोल चट्टा, कडा उठलेली, मध्ये थोडं बरं झाल्यासारखं. ती बुरशी. माझी अॅलर्जी. माझ्या मलमात स्टेरॉइड आहे, ते माझ्या शरीराचा विनाकारण चाललेला तमाशा शांत करतं. तेच बुरशीवर लावलं तर चार दिवस खाज बसते, माणूस खूश होतो, आणि आत बुरशीला मोकळं रान मिळतं. मग चट्ट्याची कडा पुसट होते, तो हातभर पसरतो आणि डॉक्टरलाही ओळखायला अवघड जातो. औषधाच्या दुकानात गजकर्ण म्हटलं की हातात पडते ती तीन-चार औषधांची मिसळ असलेली ट्यूब, तिच्यातही बहुतेकदा हेच असतं. 2018 साली केंद्र सरकारने अशी बरीच स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं ठरवलं. तुमच्या गावात चिठ्ठी कुणी मागितली का, ते तुम्हीच सांगा.

ओळखीतला एक पोरगा सुरतला कापडाच्या कारखान्यात आहे. एका खोलीत बरीच पोरं, दोरीवर टॉवेल एकमेकांवर. एकाचं गजकर्ण सगळ्यांना झालं, आणि सगळ्यांनी मिळून एकच ट्यूब आणली. दिवाळीला तो घरी आला तेव्हा मांडीवर ताणल्यासारखे पांढुरके पट्टे उमटलेले. कातडी पातळ झालेली. ते पट्टे जात नाहीत. चिठ्ठी लिहिणारं कुणी नव्हतं, पण मित्राने नाव सांगितलं होतं.

आणि माझं म्हणाल तर माझंही एक मलम नाही. चेहऱ्याचं वेगळं, सौम्य, मानेचं वेगळं. उठलं की ठरलेले दिवस लावायचं आणि थांबायचं. पापण्यांवर जोराचं मलम महिनोन्महिने लावलं तर डोळ्याला धोका असतो. एक वर्ष फारच वाईट गेलं तेव्हा पोटातून गोळ्या घ्याव्या लागल्या, आणि त्या चालू असताना ठरावीक दिवसांनी रक्त तपासत राहावं लागलं. आता यातलं कोणतं नाव मी डेअरीच्या ओट्यावर सांगू?

लागट आहे का, हे तोंडावर कुणी विचारत नाही. वागण्यातून कळतं. न्हाव्याने माझ्यासाठी वेगळा नॅपकिन ठेवला होता, ते माझ्या काळजीने नव्हे. माझं लागट नाही. माझ्या ताटात जेवा, माझ्या खाटेवर झोपा. गजकर्ण मात्र लागट आहे. त्यात घरातल्या सगळ्यांनाच तपासून घ्यावं लागतं, कपडे-टॉवेल वेगळे, कडक उन्हात वाळवलेले. पण ते कपड्याखाली झाकलेलं असतं, म्हणून त्या माणसाचा टॉवेल कुणी वेगळा काढत नाही.

न विकत घेता जे करतो ते सगळ्यांना सांगतो, तर ते कुणाला नको असतं. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, गळ्यापर्यंत गुंड्या, तोंडाला रुमाल. उन्हाळ्यात आमच्याकडे सगळेच रुमाल बांधतात म्हणून शोभून जातं. भाद्रपदात लोक हसतात. बाहेरून आलो की आधी आंघोळ, साधा साबण, गरम पाणी नाही. अंग टिपून ओलसर असतानाच खोबरेल नाहीतर पेट्रोलियम जेली. यात कुणाला औषध दिसत नाही, मला मात्र यावरच वर्षाचा बराच भाग निभावतो. कडुनिंबाच्या पाल्याची आंघोळ, करंजाचं तेल, लिंबू, गोमूत्र, सगळे सल्ले ऐकून घेतो. चिघळलेल्या कातडीवर लिंबू चोळायला सांगणाऱ्याने आधी स्वतःच्या चिरलेल्या बोटावर ते चोळून बघावं.

कूलरचं मात्र कुणी सांगितलं नव्हतं, ते बायकोने शोधलं. आमचा कूलर मागच्या खिडकीला होता, आणि मागे रिकामा प्लॉट, गवताने भरलेला. म्हणजे रात्रभर तो सगळा फुलोरा ओढून माझ्या तोंडावर मारायचा. कूलर अंगणाच्या बाजूला आणला आणि त्या उन्हाळ्यात झोप लागू लागली. वाळत घातलेले कपडेही आता मागच्या तारेवर नसतात.

सुरतेचा मेहुणा म्हणतो, इकडेच या. डॉक्टरही म्हणतात, गवतापासून लांब राहणं हे सगळ्यात मोठं औषध. पण कपाशी काय सुरतेला नेऊन लावू? त्यापेक्षा गवत हटवणं बरं, आणि ते भाऊ करतो. पहिल्या पावसानंतर, फुलायच्या आत, जमीन ओली असताना मुळासकट. फुललेलं उपटलं तर आपणच बी पेरतो. बांधाला तरोट्याचं बी टाकलंय, तो दाट वाढला की गाजर गवताला जागा देत नाही. हे गवत खाणारे मेक्सिकन भुंगेही आहेत, 1984 साली बंगळूरला पहिल्यांदा सोडलेले. पावसाळ्यात पानं चाळणी करतात, पण पाणी ओसरलं की जमिनीत जाऊन झोपतात. 16 ते 22 ऑगस्टला गाजर गवत निर्मूलनाचा सप्ताह असतो. तोवर आमच्या चारीवरचं फुलून गेलेलं असतं. त्याहून खटकतं ते हे, की काही ठिकाणी फोटोसाठी शाळेची पोरं रांगेत उभी करतात आणि हातमोज्यांशिवाय गवत उपटायला लावतात. त्यातल्या कुणाचं शरीर ते गवत ओळखून बसेल, हे आज कुणाला कळणार आहे?

तुम्ही तुमचं कुठे आहे ते लिहिलेलं नाही. घडीत की उघड्या अंगावर, कडा उठलेली की नाही, कोणत्या महिन्यात वाढतं, घरात आणखी कुणाला आहे का, एवढं कागदावर लिहा. आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्यासुद्धा, पिशवीत घाला. परवा एकाने अशी पिशवी माझ्यापुढे उपडी केली, तर त्यात बायकोचं गोरं होण्याचं क्रीम आणि ढोरांच्या जखमेचं निळं औषधही निघालं. डॉक्टरला हेही दाखवावं लागतं. त्वचेची ओपीडी कोणत्या वारी आहे ते आधी विचारून घ्या आणि सकाळची पहिली गाडी पकडा, उशिरा गेलात तर केसपेपरच्या रांगेतच दुपार होते.