झिंकची गोळी मी चौथ्याच दिवशी बंद केली होती

माझी मुलगी १४ महिन्यांची असताना तिचं वजन ६ किलो ८०० ग्रॅम होतं. आमचं गाव उमरेड तालुक्यात आहे. अंगणवाडीच्या ताईंनी तिच्या दंडाला पट्टी गुंडाळली, टोक खाचेतून ओढून घेतलं, आणि खूण लाल पट्ट्यावर आली. ११.३ सेंटिमीटर. साडेअकराच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण. मी म्हटलं, "ताई, परत मोजा नं जी." त्यांनी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा लालच.

घरात पोरीला कधी उपाशी ठेवलं नाही. वरण-भात, दूध, केळं, सगळं खायची. पण दर दीड-दोन महिन्यांनी जुलाब लागायचे आणि कमावलेलं सगळं निघून जायचं. सासूबाई म्हणायच्या, "दात येऊन राहिले तिले, होईल बरी." मीही त्याच भरवशावर राहिले. औषधाच्या दुकानातून दुधात घालायच्या ताकदीच्या पावडरचा डबा आणला. तो संपला तसा दुसरा. मग पोटातले चांगले जंतू वाढतात म्हणून थेंबांची बाटली. चार डबे झाले, पोरगी तशीच.

आणि या सगळ्यात जी गोष्ट फुकट मिळाली होती, ती मी अर्धवट सोडली. आशाताईंनी जुलाबाच्या वेळी ओआरएस आणि झिंकच्या १४ गोळ्या दिल्या होत्या, रोज एक. चौथ्या दिवशी जुलाब थांबले, मी गोळ्या थांबवल्या. बऱ्या लेकराला औषध कशाला, असं वाटलं. उरलेल्या १० फडताळात पडून राहिल्या. असं एकदा नाही, दोनदा केलं.

नागपूरच्या पोषण पुनर्वसन केंद्रात भरती करायला सांगितलं तेव्हा हरभरा काढणीचे दिवस होते. घरी कुरकुर झाली. १४ दिवस आईनं तिथंच राहायचं, मग शेतावर कोण? नणंद माहेरी आली, तिनं घर सांभाळलं म्हणून जमलं. तिचे उपकार मी विसरणार नाही.

मला वाटलं होतं, आता तूप, अंडी, काय काय देतील. पहिल्या दिवशी आलं काय, तर वाटीत ७५ मिली पातळ दूध! दूध, साखर, मुरमुऱ्याचं पीठ आणि थोडं तेल, दर दोन तासांनी, वाटी-चमच्यानं. मला रडू आलं. सिस्टरांनी समजावलं की इतक्या खंगलेल्या शरीराला एकदम भारी अन्न झेपत नाही, आधी त्याला सावरू द्यायचं. लोहाचं औषधही सुरुवातीला देत नाहीत; भूक परत आली, वजन वाढायला लागलं की मग. माझ्या डब्यांवर 'लोहयुक्त' म्हणून मोठ्या अक्षरात लिहिलेलं असायचं.

रात्री दोनला उठायचं, चारला उठायचं. तिला मांडीवर थोडं बसतं करून चमचा ओठाशी टेकवायचा आणि ती स्वतः ओढून घेईपर्यंत थांबायचं. पहिले तीन दिवस वजन हललं नाही. चौथ्या दिवशी पहाटे तिनं वाटी संपवली आणि माझं बोट धरून चमचा परत तोंडाकडे नेला. त्या पहाटे मी पहिल्यांदा घरी फोन केला.

मी बारावी सायन्सपर्यंत शिकलेली, म्हणून डॉक्टर मॅडमना विचारत राहिले, खाल्लेलं जातं कुठं? त्यांनी खाटेवरचा झिजलेला टॉवेल उचलला. नव्या टॉवेलला बारीक रेशे उभे असतात, ते पाणी ओढतात. आतड्याच्या आतही तसेच असतात. अंगणातली घाण, कोंबड्यांची विष्ठा, न उकळलेलं पाणी हे रोज थोडं थोडं पोटात जात राहिलं की ते रेशे आडवे होतात, झिजतात, आणि भिंत गळकी होते. दरवेळी जुलाब लागतीलच असं नाही, झीज मात्र चालू राहते. आफ्रिकेतल्या मलावीत खेड्यातल्या १ ते ३ वर्षांच्या मुलांवर हे तपासलंय, असं त्या म्हणाल्या. लॅक्टुलोज आणि मॅनिटॉल या दोन साखरांचं पाणी पाजायचं आणि लघवीत किती उतरलं ते मोजायचं, म्हणजे आतडं किती गळतं ते कळतं. ज्या मुलांना १४ दिवस झिंक दिलं, त्यांच्यात ही झीज कमी वाढली. जंताची एक गोळी दिलेल्यांमध्येही तसंच दिसलं.

१४ दिवस. मी फडताळातल्या त्या १० गोळ्यांबद्दल त्यांना सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "आता मोजून द्या."

सुटी होताना वजन ७ किलो ४०० ग्रॅम होतं. घरी काय द्यायचं, हे आहारवाल्या ताईंनी चुलीजवळ उभं करून शिकवलं. गहू भिजवून मोड आणायचे, सावलीत सुकवायचे, हलके भाजून दळायचे. घट्ट शिजलेल्या खिमटात, कोमट झाल्यावर, या पिठाचा एक चमचा घालून ढवळायचं. चमचा उभा राहील असं खिमट माझ्या डोळ्यांदेखत पातळ झालं. पाणी एक थेंब घातलं नाही. पाणी घालून पातळ केलं तर लेकराचं पोट पाण्यानं भरतं, इथं तेवढ्याच वाटीत दुप्पट अन्न जातं. इतकी सोपी गोष्ट मला आधी कुणी का सांगितली नाही, याचं अजून वाईट वाटतं. चांगलं भाजलेलं सोयाबीन, हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे यांचं पीठही करते. तिन्ही आमच्याच शेतातलं.

कोंबड्यांसाठी घरमागे जाळी लावून घेतली. याला सासऱ्यांना पटवायला महिना गेला. पाणी उकळूनच देते, आणि तिला भरवण्याआधी साबणानं हात धुतल्याशिवाय कुणाला हात लावू देत नाही.

दोन महिन्यांत चार वेळा तपासणीला नागपूरला गेले, उमरेडहून बसनं दिघोरी नाक्यापर्यंत. शेवटच्या वेळी वजन ८ किलो २०० आणि दंड १२.६. साडेबाराच्या वर, हिरव्यात.

आषाढात पुन्हा जुलाब लागले. दोन दिवसांत थांबले. गोळी चमचाभर दुधात विरघळवून रोज देत राहिले, चव कळली की तोंड वाकडं करते, पण गिळते. कॅलेंडरवर रोज एक टिकली लावायची. सासूबाईंनी नवव्या दिवशी विचारलं, "बरी झाली नं आता, काहून देऊन राहिली?" मी कॅलेंडर दाखवलं. चौदावी टिकली त्यांनीच लावली.