मुंबई बेटाच्या भाडेकरूचं गाव

शनिवार, ईस्टरचा आदला दिवस
कास्तेलो दे व्हिदे, पोर्तुगाल

सीमेवरच्या गावात गेलं की आधी किल्ला चढायचा, हा शिरस्ता आज बाजूला ठेवला. इथला किल्ला राजा दिनिशच्या काळातला, चौदाव्या शतकातला. संध्याकाळी जाऊन आले. बुरुजावरून समोरच्या कड्यावरचं मार्व्हांव गाव दिसतं आणि त्यापलीकडे स्पेन. दृश्य सुरेख आहे, किल्ला मात्र बेताचाच. रायगड-राजगड बघितलेल्या माणसाला तटबंदीचं अप्रूप वाटायला जरा वेळ लागतो, त्याला माझा इलाज नाही.

मला ओढ होती ती किल्ल्याखालच्या उतारावरच्या ज्यू वस्तीची. गार्सिया द ओर्ता या गावचा. इंग्रज येण्याच्या शंभरेक वर्षं आधी ज्याला पोर्तुगीजांनी मुंबईचं बेट भाडेपट्ट्यानं दिलं होतं, तो वैद्य. फोर्टात टाउन हॉलच्या मागे, आज नौदलाच्या ताब्यात असलेल्या आवारात त्याची हवेली होती. त्या रस्त्यानं मी किती वर्षं ऑफिसला जात होते, तेव्हा हे नाव कानावरही पडलं नव्हतं.

वस्तीतल्या गल्ल्या इतक्या उभ्या आहेत की पायऱ्या कुठे संपल्या आणि रस्ता कुठे सुरू झाला ते कळत नाही. भिंती चुन्यानं पांढऱ्याशुभ्र, दारोदारी कुंड्या. चौकटी मात्र करड्या ग्रॅनाइटच्या, वर टोकदार कमानी. सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, म्हणून जपलेलं घर आजूबाजूच्या घरांसारखंच साधं आहे, पाटी नसती तर पुढे निघून गेले असते. आत तोरा, म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ, ठेवायचं दगडी कोनाडं आहे, जमिनीत धान्याची पेवं आहेत. पण मी सगळ्यात जास्त वेळ रेंगाळले ती दाराशी. चौकटीच्या दगडात एक खाच आहे, बोट मावेल एवढी. मेझुझा बसवायची जागा. तोरेतल्या ओळी लिहिलेली चर्मपत्राची गुंडाळी, ज्यू घराच्या उजव्या चौकटीला लावतात ती. अलिबागला इस्रायल आळीत आजीच्या मैत्रिणीकडे जायचो, तेव्हा आत शिरताना त्या काकू हात वर करून चौकटीला लावायच्या आणि मग ओठांना. इथे खाच राहिलीय, आतली गुंडाळी गेली. पुढच्या गल्लीत काही चौकटींवर क्रूस कोरलेले दिसतात. बाटवलेल्या लोकांनी आपण आता ख्रिस्ती आहोत हे दाखवायला ते कोरले, असं मानतात.

१४९२ साली स्पेननं ज्यूंना हाकललं, तेव्हा हद्द ओलांडून पुष्कळ जण या बाजूला आले. ओर्ताचे वडील त्यांतलेच, पलीकडच्या व्हालेन्सिया दे आल्कांताराचे. सीमा ओलांडली, सुटलो, असं त्यांना वाटलं असेल. पाचच वर्षांनी, १४९७ मध्ये, पोर्तुगालनंही त्यांना सक्तीनं बाटवलं. गार्सिया जन्मला १५०१ च्या सुमारास, म्हणजे जन्मापासूनच ‘नवा ख्रिस्ती’. तो सालामांकात शिकला, लिस्बनला शिकवू लागला आणि १५३४ मध्ये गोव्याला जाणाऱ्या जहाजात बसला. दोन वर्षांनी पोर्तुगालात इन्क्विझिशन, म्हणजे पाखंडी ठरवून शिक्षा देणारं धर्मन्यायालय, सुरू झालं. वेळ बरोबर साधली होती त्यानं.

गोव्यात त्यानं वैद्यकी केली आणि भारतातल्या औषधी वनस्पतींवर संवादांच्या रूपात एक जाडजूड ग्रंथ लिहिला. तो १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात आपल्या मुंबईच्या आंब्याबद्दल तो चक्क बढाई मारतो, वर्षातून दोनदा फळतो म्हणून. १५६८ मध्ये तो मेला, अंथरुणात. दुसऱ्याच वर्षी गोव्याच्या इन्क्विझिशननं त्याची बहीण कातारिना हिला जिवंत जाळलं आणि १५८० मध्ये त्याचीही हाडं उकरून काढून जाळली. विसाव्या शतकात त्याच पोर्तुगालनं वीस एश्कुदोंच्या नोटेवर त्याचा चेहरा छापला. पणजीत त्याच्या नावाची बाग आहे. १९८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष मारियो सोआरेश यांनी याच गावात ज्यूंची जाहीर माफी मागितली. मागितली ते बरंच झालं. पण नोटेचा विचार आला की मला अजून कसंतरीच होतं.

वस्ती उतरून खाली आलं की सोळाव्या शतकातला गावचा झरा, फोंते दा व्हिला. चौकोनी कुंड, खांबांवर तोललेलं छप्पर, मधोमध कोरीव दगड आणि त्यातून अखंड वाहणारं पाणी. गावातली सगळ्यात देखणी गोष्ट हीच. एक आजोबा पाच लिटरचा कॅन लावून बसले होते. मी बाटली पुढे केली, तर त्यांनी स्वतःचा कॅन बाजूला घेतला. पाणी गार होतं.

चौकातलं सांता मारियाचं चर्च मोठं आहे, एवढंच म्हणेन. त्यापेक्षा दफनभूमीत गेल्याचं समाधान वाटलं. २५ एप्रिल १९७४ ला सांतारेंहून चिलखती गाड्या घेऊन लिस्बनमध्ये शिरलेला कॅप्टन साल्गेइरो माया याच गावचा. पोर्तुगालातली हुकूमशाही त्या दिवशी पडली. त्याची कबर अगदी साधी आहे. गोवा भारताचा आहे हे पोर्तुगालनं कबूल केलं ते त्या क्रांतीनंतर, त्याच वर्षाच्या शेवटी. तेरा वर्षं उशिरा, पण केलं.

सकाळी मात्र सगळ्या गावाचं लक्ष कोकरांवर होतं. आज त्यांना आशीर्वाद द्यायचा दिवस. मेंढपाळ कळप घेऊन आले, पाद्रीबाबांनी पवित्र पाणी शिंपडलं आणि लगेच शेजारी भाव ठरायला लागले. ज्यूंच्या वल्हांडण सणाचं कोकरू आणि ईस्टरचं कोकरू हे नातं तसं जुनंच, पण त्या दारांच्या चौकटी बघून आल्यावर ते जरा जास्तच जवळून दिसलं.

दुपारी खानावळीत सारापातेल मागवलं. गोव्यातलं डुकराचं, व्हिनेगर आणि लाल मिरचीतलं सोरपोतेल डोळ्यांसमोर ठेवून. आलं ते कोकराचं, रक्त आणि काळीज घालून केलेलं. मिरचीचा जोर नाही, रस्सा दाट, सोबत पाव. दोन घास गेले आणि गोव्याचं विसरून गेले. गोडाला बोलेइमा होतं, सफरचंद घातलेलं चपटं केकसारखं काहीतरी. हे ज्यूंच्या बिनखमिराच्या भाकरीतून आलं, असं मालकीणबाई सांगत होत्या आणि सांगता सांगता मला दुसरा तुकडा वाढत होत्या.

आत्ता साडेअकरा वाजलेत. रात्रीची प्रार्थना आटोपून अख्खं गाव गुरांच्या गळ्यातल्या घंटा घेऊन रस्त्यावर उतरलंय. लहान पोरं, म्हाताऱ्या, पोलीससुद्धा. मालकीणबाईंनी माझ्याही हातात एक घंटा दिली होती, ती दहा मिनिटं वाजवून हात भरून आला म्हणून वर आले. उद्या मार्व्हांव. रविवारी बस नाही म्हणे, टॅक्सीवाला नऊला येतो म्हणाला होता. मघाशी तोच खाली सगळ्यांच्या पुढे घंटा बडवत चालला होता, तेव्हा नऊचे अकरा होणार असं धरून चाललेय.