तुम्ही विचारलंत म्हणून: माझं काय जातं?

"हेल्मेट घातलं नाही तर डोकं माझं फुटेल. तुमचं काय जातं?"

२२ वर्षं सेफ्टी ऑफिसरची नोकरी करताना हा प्रश्न मला किती जणांनी विचारला, याची मोजदाद नाही. नव्याने कामाला लागलेली पोरं विचारतात, नात्यातले विचारतात, शेजारी विचारतात. सूर बहुतेकदा भांडणाचा नसतो. धोका आपण पत्करलाय, तेव्हा नुकसानही आपलंच होणार, असं त्यांना मनापासून वाटत असतं. दर वेळी उभ्या उभ्या काहीतरी सांगून मी पुढे जातो. आज नीट बसून सांगतो.

एका जुन्या पॉवर प्रेसपासून, म्हणजे पत्रा दाबून त्याला आकार देणाऱ्या मशीनपासून, सुरुवात करतो. त्या मशीनला समोर दोन बटणं होती, एकमेकांपासून हातभर लांब. दोन्ही हातांनी दोन्ही एकदम दाबली तरच रॅम, म्हणजे पत्र्यावर दाब देणारा वरचा जड भाग, खाली यायचा. म्हणजे रॅम येताना दोन्ही हात बटणांवर, डायच्या (खालच्या साच्याच्या) बाहेर. पण एक हात मोकळा झाला तर पुढचा पत्रा आधीच उचलून धरता येतो आणि नगामागे दोन-तीन सेकंद वाचतात. ऑपरेटरने पत्र्याची एक पट्टी वाकवून डाव्या बटणाच्या फटीत खोचली होती. ते बटण कायम दाबलेलंच. कित्येक आठवडे असंच चाललं होतं. रोजचे शेकडो नग निघत होते, काहीही होत नव्हतं, आणि काही होत नाही म्हणून ती पट्टी आता मशीनचाच भाग वाटायला लागली होती. मग एक दिवस डायमध्ये तिरका बसलेला नग सरळ करायला त्याचा डावा हात आत गेला आणि उजवा, सवयीने, बटणावर. तर्जनी आणि मधलं बोट गेलं.

अपघाताचा अहवाल मी लिहिला. खर्चासाठी फॉर्मवर तीन ओळी होत्या: उपचार, मशीनची दुरुस्ती, बुडालेले उत्पादनाचे तास. मशीनवर ओरखडाही नव्हता, म्हणून दुसऱ्या ओळीत शून्य लिहिलं. बेरीज केली, सही केली. आकडा इतका लहान आला की मी बेरीज पुन्हा करून पाहिली.

जे त्या तीन ओळींत बसलं नाही ते घरी वहीत लिहायला घेतलं. धावून आलेल्यांचे तास. चौकशीत बसलेल्यांचे तास. नवा माणूस तयार होईपर्यंत निघालेला रिजेक्शनचा माल. उशिरा गेलेली ऑर्डर, आणि पुढच्या वर्षी वाढलेला विम्याचा हप्ता. हर्बर्ट हाइनरिक या अमेरिकी विमा कंपनीतल्या माणसाने १९३१ साली हेच मांडलं होतं: दिसणाऱ्या खर्चाच्या चौपट खर्च न दिसणारा असतो. चौपट हा काही नियम नव्हे, कामागणिक प्रमाण बदलतं. पण मला त्याचा दुसरा आकडा जास्त खुपतो. ८८ टक्के अपघात माणसाच्या असुरक्षित वागण्यामुळे होतात, असं तो म्हणाला, आणि ते त्याने काढलं विम्याच्या दाव्यांवरून आणि मालकांकडच्या अपघाताच्या नोंदींवरून. अशा नोंदी कशा लिहिल्या जातात ते मला ठाऊक आहे. 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा' असं लिहिलं की फाइल मिटते. मीही तेच लिहिलं होतं. पट्टी त्यानेच खोचली, हे खरं. पण दोन्ही हात बटणांवर ठेवून तासाचं टार्गेट गाठणं अवघड होतं, हेही खरं. सुपरवायझरला ती पट्टी रोज दिसत होती. मीही एकदा तिथून जाताना "काढ ती" एवढंच म्हणालो आणि निघून गेलो. वाचलेले सेकंद कारखान्याच्या उत्पादनात जमा होत होते.

त्याला नुकसानभरपाई मिळाली. ती बोटामागे ठरलेल्या टक्क्यांवर निघते. त्याचा ओव्हरटाइम मात्र बंद झाला. हाताला बँडेज होतं तोवर शर्टाची बटणं लावायलाही त्याला बायको लागायची. तिने आधी कामावर खाडे केले, मग कामच सोडलं. घरातली दुसरी मिळकत अशी थांबली. ती बाई कधी कारखान्याच्या फाटकातही आली नव्हती.

आता तुमच्या हेल्मेटकडे येतो. जगात वर्षाला सुमारे ११.९ लाख माणसं रस्त्यावर मरतात आणि बहुतेक देशांना रस्ते-अपघातांचा भार सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ३ टक्क्यांच्या आसपास पडतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ५ ते २९ या वयात मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण हेच आहे. डोक्याला मार लागून जगलेल्याचा खर्च मात्र वर्षानुवर्षं चालतो. आयसीयूतला तो बेड, ते रक्त, तो सर्जन त्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या वाट्याचे असतात. ज्याचं ऑपरेशन ठरलेलं होतं त्याला "पुढच्या आठवड्यात या" सांगतात. घरी आणल्यावर त्याचं सगळं करायला कुणीतरी नोकरी सोडतं, आणि ते कुणीतरी बहुतेकदा आई, बायको किंवा बहीण असते.

गाडीतही तसंच. मागे बेल्ट न लावता बसलेल्याचं अंग धडकेत पुढच्या सीटवर जाऊन आदळतं आणि पुढे बेल्ट लावून बसलेला मधल्यामध्ये चेपला जातो. ताशी ५० ऐवजी ६० किलोमीटरने गेलात तर वेग पाचव्या हिश्शाने वाढतो, धडकेची ऊर्जा मात्र ४४ टक्क्यांनी, कारण ती वेगाच्या वर्गाने चढते. रस्ता ओलांडणाऱ्याला त्या जास्तीच्या १० किलोमीटरबद्दल कुणी विचारलेलं नसतं.

प्रेसच्या त्या अपघातात ऑपरेटरचा हात बाहेर काढला तो शेजारच्या मशीनवरच्या हेल्परने. त्याच्या अंगावर सगळं सुरक्षेचं साहित्य होतं, त्याने एकही नियम मोडलेला नव्हता. दोन आठवड्यांनी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "साहेब, रॅमचा आवाज आला की हात उचलत नाही." त्याची बदली स्टोअरला केली. तिथे रात्रपाळी नाही, म्हणून तिचा भत्ताही नाही. त्याच्या पगारातली ही तूट अहवालाला जोडावी म्हणून मी कागद वर पाठवला. फॉर्ममध्ये त्यासाठी जागा नाही, असा शेरा मारून तो परत आला. तो अजून स्टोअरलाच आहे, आणि ती तूट दर महिन्याला त्याच्या पगारातून जाते आहे.