तुम्ही विचारलंत म्हणून: घर हलवायच्या उन्हाळ्यात आम्ही फिरायला का गेलो

"दोन लहान मुलं, अर्धं घर खोक्यांत, आणि तुम्ही फिरायला गेलात?" गेल्या उन्हाळ्यापासून हा प्रश्न मला वेगवेगळ्या सुरांत विचारला गेलाय. कुणाला कौतुक वाटतं, कुणाला तो बेफिकीरपणा वाटतो. आणि काहींच्या घरचं सामान येत्या महिन्या-दोन महिन्यांत हलायचं असतं, त्यांना खरंच जाणून घ्यायचं असतं. हे त्यांच्यासाठी लिहितेय.

थोरली तेव्हा साडेचार वर्षांची होती, धाकटा दीड वर्षाचा. जुन्या घराचा करार सुट्टीच्या बरोबर मध्यावर संपत होता. त्या दोन महिन्यांत आम्ही पाच सहली केल्या. एकही दोन रात्रींपेक्षा मोठी नव्हती आणि एकाही ठिकाणी पोचायला गाडीने तीन तासांहून जास्त लागत नव्हते. त्यातल्या तीन घर बदलायच्या आधीच्या, दोन नंतरच्या. हे मुद्दाम सांगतेय, कारण आधीच्या सहलींबद्दल माझं उत्तर एक आहे आणि नंतरच्यांबद्दल वेगळं.

आधीच्या सहलींमागे निव्वळ सोय होती. दीड वर्षाचं मूल जागं असताना काचेचं सामान बांधता येत नाही. तुम्ही एक खोकं भरता, तोवर त्याने दुसरं रिकामं केलेलं असतं. म्हणून ठरवलं, की एकाने मुलांना घेऊन दोन दिवस बाहेर पडायचं आणि दुसऱ्याने मागे राहून हात चालवायचा. पहिल्या खेपेला मी आणि माझी बहीण मुलांना घेऊन एका तळ्याकाठी गेलो. नवऱ्याने मागे स्वयंपाकघर बांधायला घेतलं आणि फार नीट बांधलं. ताटल्या आडव्या न रचता कागदात गुंडाळून उभ्या लावल्या, तशा त्या कमी फुटतात. पुस्तकांसाठी लहान खोकी वेगळी काढून ठेवली, कारण मोठ्या खोक्यात पुस्तकं भरली की ते कुणालाच उचलत नाही आणि तळातून फाटतं. आम्ही परत आलो तेव्हा स्वयंपाकघर लखलखीत रिकामं होतं. मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू.

थोरली मात्र ओट्याखालच्या कपाटाचं दार उघडून तिथेच उभी राहिली. त्या कपाटात तिची खेळायची भांडी असायची. ती रडली नाही, काही विचारलंही नाही. दार लावलं, परत उघडलं, परत लावलं. मी तिच्याशेजारी खाली बसले आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आपण तळ्यात दगड टाकत होतो तेवढ्या वेळात हिच्या पाठीमागे हिचं घर नाहीसं व्हायला लागलंय.

त्या दिवसापासून तिच्या नकळत काही बांधायचं नाही असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी ती आणि मी घरभर फिरलो. काय येणार आणि काय राहणार हे ती एकेका वस्तूवर हात ठेवून विचारत होती. पलंग? येणार. आरसा? येणार. खिडकी? मी म्हटलं, "खिडकी भिंतीत असते ना, ती इथेच राहणार." ती बराच वेळ खिडकीकडे बघत राहिली. मग नळ, दाराची कडी, जिना, समोरचं झाड. समोरच्या झाडावरून उडणारे पक्षी येतील का, यावर मी खरं तेच सांगितलं, की तिकडे दुसरे असतील. लहान मुलांना घर बदलणं समजावताना आपण नव्या घराचीच वर्णनं करत सुटतो. काय मागे राहणार हे त्यांना आधी ऐकायचं असतं, असं मला त्या फेरीनंतर वाटू लागलं.

दुसऱ्या सहलीला चौघं गेलो. तिचं फारसं सांगण्यासारखं नाही, एवढंच की वळणावळणाच्या रस्त्यावर थोरली चित्रांचं पुस्तक बघत बसली आणि तिला उलटी झाली. डोळ्यांना पुस्तक स्थिर दिसतं आणि कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला गाडी हलतेय हे जाणवतं, या विसंगतीने मळमळतं. दोन ते बारा या वयात हा त्रास जास्त असतो. तेव्हापासून गाडीत पुस्तक बंद आणि नजर समोर लांबवर, असा नियम झाला. तिसरी सहल नवऱ्याने एकट्याने मुलांना नेऊन केली.

आता ताणाबद्दल, कारण "तेवढाच विरंगुळा" हे वाक्य मी फार ऐकलं. १९६७ मध्ये टॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या मनोविकारतज्ज्ञांनी माणसाच्या आयुष्यातल्या ४३ घटनांची एक यादी केली आणि प्रत्येक घटनेनंतर माणसाला किती जुळवून घ्यावं लागतं त्याचे गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू १००, लग्न ५०. राहती जागा बदलणं २०. आणि त्याच यादीत खालच्या बाजूला सुट्टीवर जाण्याचेही १३ गुण आहेत. मला हे पटतं. लहान मुलांना घेऊन बाहेर पडणं हे वेगळ्या प्रकारचं कामच असतं, ते विश्रांती म्हणून खपवू नये. म्हणून आम्ही सहली अगदी साध्या ठेवल्या. एकच जागा, चौघांत दोन पिशव्या, आणि झोपायच्या वेळचा क्रम घरच्यासारखाच: आंघोळ, गोष्ट, दिवा बंद. बघायच्या ठिकाणांची यादी एकदाही केली नाही. थोरलीची स्वतःची एक छोटी पाठपिशवी होती. त्यात दात घासायचा ब्रश, एक फ्रॉक आणि कापडी ससा. ती पिशवी ती स्वतः भरायची आणि परतायच्या दिवशी सकाळी स्वतः दाराशी आणून ठेवायची.

सामान हलवायच्या दिवशी धाकट्याला आजीकडे ठेवलं. थोरलीलाही तिथेच ठेवा, पायात पायात येईल, असं सगळ्यांनी सांगितलं. मी ऐकलं नाही आणि आजही तो निर्णय बरोबर वाटतो. दीड वर्षाच्या मुलाला कामगारांच्या आणि जड सामानाच्या मधे ठेवणं धोक्याचंच असतं, पण साडेचार वर्षांच्या मुलीला घर रिकामं होताना दिसलं पाहिजे. नाहीतर तिच्या लेखी ते कुठेतरी तसंच्या तसं उभं असतं. तिला एक काम दिलं: भरलेल्या प्रत्येक खोक्यावर ठिपका चिकटवायचा. दुपारी शेवटचं कपाट बाहेर गेलं. त्याच्यामागे भिंतीचा मूळ रंग चौकोनी आकारात तसाच राहिला होता. ती त्या चौकोनात पाठ टेकून उभी राहिली आणि "ओ" म्हणाली. खोलीने आवाज परत दिला. ती दचकली, मग हसली, आणि एकेका खोलीत जाऊन प्रत्येक खोलीला "ओ" म्हणून आली.

त्याच दुपारी एक मोह झाला होता, तो सांगून ठेवते. ती दमून गाडीतच झोपली आणि वर फक्त दोन पिशव्या राहिल्या होत्या. दोन मिनिटांचं काम. तरी आमच्यातलं एक जण गाडीपाशी थांबलं. उन्हात बंद गाडीच्या आतलं तापमान दहा मिनिटांत साधारण १० अंशांनी चढतं आणि लहान मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापतं. घर हलवायच्या दिवशी सगळेच थकलेले असतात, प्रत्येकाला वाटतं की मूल दुसऱ्याकडे आहे. अशाच दिवशी घात होतो.

नव्या घरातली पहिली रात्र कुणालाच नीट झोप लागली नाही. याला कारण आहे. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांना २०१६ मध्ये असं दिसलं, की अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धा भाग दुसऱ्याइतका गाढ झोपत नाही, बारीक आवाजांनाही तो जागा राहतो, जणू पहारा देतो. मी त्या रात्री फ्रिजकडे बघत पडले होते. जिन्यात तो बराच कलला होता, म्हणून कॉम्प्रेसरमधलं तेल जागेवर येईपर्यंत काही तास उभा ठेवून मग सुरू केला, आणि पहाटेपर्यंत त्याचा प्रत्येक आवाज मला नवा वाटत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहाचं भांडं शोधत होते. खोक्यावर "इतर" असं लिहिलं, की त्यातली वस्तू महिनाभर सापडत नाही, हे तेव्हा कळलं. बाहेर आले तर थोरली दाराशी उभी. सँडल घातलेली, पाठीवर पिशवी. पिशवीत ब्रश, फ्रॉक आणि ससा.

"आई, चल ना. आता घरी जायचं ना?"

तीनही सहलींत दोन रात्री राहून आम्ही तिसऱ्या दिवशी परतलो होतो. तिने हिशोब बरोबर केला होता. कुठेही गेलं की दोन रात्री राहायचं, पिशवी भरायची आणि घरी परतायचं, हे आम्हीच तिला उन्हाळाभर शिकवलं होतं. तिने जुनं घर रिकामं झालेलं पाहिलं होतं, ठिपके चिकटवले होते, खिडकीचंही ऐकलं होतं. पण तिच्या लेखी ही चौथी सहल होती, जरा जास्त सामान घेऊन केलेली.

मी तिला मांडीवर घेऊन समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि सँडल काढली नाहीत. तशीच दुपारपर्यंत बसली. नवरा म्हणाला, "एकदा जुन्या घराला लावलेलं कुलूप दाखवून आणू या." मी नको म्हटलं. बंद दार दाखवून मुलाला काय मिळणार, असं मला वाटलं. त्यावरून आमचं थोडं वाजलंही.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर असं, की घर बदलायच्या आधीच्या सहली आमच्या सोयीच्या होत्या आणि त्यांची किंमत थोरलीने मोजली. पुन्हा वेळ आली तर तेव्हा मी मुलांना फक्त दिवसाच्या दिवशी बाहेर नेईन, आणि ती बाहेर असताना त्यांच्या वस्तूंना हात लावणार नाही.

नंतरच्या सहलींबद्दल मात्र मी ठाम आहे. आम्ही येऊन बारा दिवस झाले होते. पलंग जोडलेले, खिडक्यांना जाळ्या बसवलेल्या, उंच कपाट भिंतीला पक्कं केलेलं. दीड वर्षाचं मूल खण ओढून त्यावर चढतं, त्यामुळे ते आधी. बाकी निम्मी खोकी तशीच. सगळे म्हणाले, आधी घर लावून तर घ्या. आणि आम्ही एका रात्रीसाठी टेकडीवरच्या एका छोट्या जागी निघालो. बोलून जे होत नव्हतं ते एकदा करून बघू, एवढाच विचार होता. ज्या घरातून आपण कधी बाहेर पडलोच नाही, त्या घरी परतणं तिला कसं माहीत असणार?

टेकडीवर विशेष काही घडलं नाही. धाकटा दिवसभर एकाच उतारावरून घसरत होता. त्याला जुनं घर आठवणार नाही, हे मला तिथे बसल्या बसल्या पहिल्यांदा नीट कळलं. मोठेपणी बहुतेकांची सर्वांत जुनी आठवण साडेतीन वर्षांच्या आसपासची असते. त्याने पहिलं पाऊल टाकलं ती फरशी त्याच्यासाठी फक्त आमच्या सांगण्यात उरणार. मला भरून आलं. मग मी फोन काढून त्या घरातल्या सकाळी कशा असायच्या ते त्याच्यासाठी लिहून ठेवलं, ऊन कुठून यायचं तिथपासून.

दुसऱ्या दिवशी थोरलीने पिशवी दाराशी आणून ठेवली आणि विचारलं, "आता कुठल्या घरी?" मी म्हटलं, "खोकी आहेत त्या घरी." तिने मान हलवली. गाडीत गप्प होती. घरी आल्यावर मात्र सँडल स्वतःहून काढून ठेवली.

पाचवी सहल सुट्टी संपता संपता केली, समुद्रावर, दोन रात्री. परतायला उशीर झाला. दारापाशी पोचलो तेव्हा अंधार होता, धाकटा माझ्या खांद्यावर झोपलेला, नवरा खाली पिशव्या काढत होता. मी कुलूप उघडलं आणि सवयीने डाव्या भिंतीवर हात फिरवला. जुन्या घरात दिव्याचं बटण डावीकडे होतं. चार आठवडे झाले तरी माझा हात तिकडेच जायचा.

खालून, कमरेजवळून थोरलीचा झोपाळलेला आवाज आला, "आई, तिकडे नाही. आपलं इकडे असतं."

तिचा हात तिथवर पोचत नव्हता. ती उजव्या भिंतीला टेकून, टाचा उंचावून, बोट वर करून मला दाखवत होती.