तुम्ही विचारलंत म्हणून: ही प्रतीकं खरंच तिथे असतात का?

अमेरिकेतल्या वर्णद्वेषावरचे म्युझिक व्हिडिओ मी लोकांना दाखवते. मध्येच थांबवते, मागे नेते, 'आता कोपऱ्यात बघा' म्हणते. मग कुणीतरी विचारतंच, "तुम्ही सांगता ते सगळं त्यांनी मुद्दाम घातलेलं असतं, की तुम्हाला आपलं दिसतं?"

काही मुद्दाम घातलेलं असतं, काही बघणाऱ्यांनी मागाहून चिकटवलेलं असतं. एवढ्यावर विषय संपवता आला असता. पण या प्रश्नात एक गृहीत धरलेलं असतं, की प्रतीक म्हणजे कोडं आणि ते सुटलं की काम झालं. माझा वाद त्या गृहीताशी आहे, म्हणून जरा लांबण लावते.

'धिस इज अमेरिका'पासूनच सुरू करावं लागेल, कारण प्रश्न बहुतेक त्याच्यावरूनच येतो. ५ मे २०१८ रोजी आलेला हा व्हिडिओ. गायक डोनाल्ड ग्लोव्हर, म्हणजे 'चाइल्डिश गॅम्बिनो', आणि दिग्दर्शक हिरो मुराई. भलंमोठं रिकामं गोदाम. एक माणूस खुर्चीत बसून गिटार वाजवतोय. मागून ग्लोव्हर नाचत येतो, अंगात शर्ट नाही, गळ्यात सोन्याच्या साखळ्या. कॅमेरा त्याच्याबरोबर फिरत परत खुर्चीपाशी येतो, तोवर गिटार गायब आणि त्या माणसाच्या डोक्यावर पिशवी चढवलेली. ग्लोव्हर पिस्तूल काढतो, कंबर एका बाजूला झुकवून गुडघा वाकवतो आणि त्याच पोझमध्ये गोळी झाडतो.

ती पोझ मुद्दाम घातलेली आहे, याबद्दल मला तरी शंका नाही. १८३०च्या दशकात थॉमस राइस नावाचा गोरा नट तोंडाला काळं फासून 'जिम क्रो' नावाच्या कृष्णवर्णीय माणसाची नक्कल करायचा. तो अमेरिकेत तुफान चालला. त्याची जुनी छापील चित्रं आजही मिळतात. त्यांत हीच झुकलेली कंबर आहे, हाच वाकलेला गुडघा. पुढे दक्षिणेकडच्या राज्यांनी कृष्णवर्णीयांना वेगळं पाडणारे जे कायदे केले, त्यांनाही याच विदूषकाचं नाव पडलं. हे माहीत असलं की गोळीचा आवाज वेगळा ऐकू येतो, हे खरंच.

पण त्यानंतरचे दोन-तीन सेकंद मला त्याहून मोठे वाटतात. एक मुलगा बाजूने धावत येतो, हातात लाल कापड. पिस्तूल त्या कापडावर जपून ठेवलं जातं आणि गुंडाळून नेलं जातं. त्याच वेळी मेलेल्या माणसाला दुसरे फरफटत बाहेर ओढतात. दोन्ही गोष्टी एकाच फ्रेममध्ये. इथे कुठला इतिहास माहीत असायची गरज नाही. कशाला जपलं आणि कशाला ओढलं, ते डोळ्यांना दिसतं.

मग गणवेशातली मुलं येतात, नाच सुरू होतो, आणि तो नाच इतका फर्मास आहे की आपण त्यातच अडकतो. मागे माणसं सैरावैरा पळतायत, गाडी जळतेय, पांढऱ्या घोड्यावर एक काळी आकृती निघून जाते. पहिल्यांदा बघताना हा घोडा बहुतेकांच्या नजरेतून निसटतो. मी थांबवून दाखवला की 'अरे, हा कधी आला?' आणि लगेच पुढचा प्रश्न, 'याचा अर्थ काय?' बायबलच्या प्रकटीकरणात फिकट घोड्यावर मृत्यू येतो, हे बऱ्याच जणांनी सांगितलंय, आणि ते पटण्यासारखं आहे. पण तो घोडा काय म्हणतो यापेक्षा तो आपल्याला दिसला नाही, हे मुराईला हवं होतं असं मी म्हणेन. समोर कृष्णवर्णीय माणूस नाचतोय, मागे मरतोय, आणि तुम्ही कुठे बघत होता? अमेरिका ज्या नजरेने पिढ्यान्‌पिढ्या कृष्णवर्णीयांचं संगीत ऐकत आली आणि त्यांचे हाल बघायचे टाळत आली, ती नजर व्हिडिओने आपल्याकडूनच वापरून घेतली.

आता अर्थ लावण्याचा अतिरेक कसा होतो तेही सांगते. व्हिडिओ आल्यावर कोणी पँटच्या रंगात अमेरिकी यादवीतल्या दक्षिणी फौजेचा गणवेश शोधला, कोणी मधल्या शांततेचे सेकंद मोजून ते एका शाळेतल्या हत्याकांडाच्या मृतांशी जुळवले. ग्लोव्हरने अर्थ सांगायचं टाळलं, त्यामुळे सगळ्यांना मोकळं रान. सगळ्यात जास्त पसरली ती अफवा अशी की खुर्चीतला गिटारवाला म्हणजे ट्रेव्हॉन मार्टिनचे वडील. ट्रेव्हॉन हा फ्लोरिडातला १७ वर्षांचा नि:शस्त्र मुलगा. फेब्रुवारी २०१२मध्ये वस्तीवर पहारा देणाऱ्या एका माणसाने त्याला गोळी घातली, आणि पुढे तो निर्दोष सुटला. प्रत्यक्षात गिटारवाला होता 'कॅल्विन द सेकंड' या नावाने गाणारा एक कलावंत. कृष्णवर्णीय माणूस माणूस म्हणून दिसत नाही, हा ज्या व्हिडिओचा विषय, त्यातल्याच एका माणसाला लोकांनी प्रतीक करून टाकलं! अर्थ शोधायची एवढी घाई झाली की समोरचा माणूस कोण, हे कुणी विचारलंच नाही.

उलटही घडतं. मायकेल जॅक्सनचा 'ब्लॅक ऑर व्हाइट' नोव्हेंबर १९९१चा. गाणं सगळ्यांना आठवतं, चेहऱ्यात चेहरा मिसळत जाणारा शेवटही आठवतो. पण मूळ व्हिडिओ तिथे संपत नव्हता. एक काळा बिबट्या पायऱ्या उतरून येतो, त्याचा जॅक्सन होतो, गाणं थांबलेलं, आणि ओल्या, निर्मनुष्य रस्त्यावर तो एकटाच नाचतो, ओरडतो, गाडीच्या काचा फोडतो. त्याच वर्षी मार्चमध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला केलेली मारहाण कॅमेऱ्यात सापडली होती आणि देशभर दाखवली गेली होती. तरीही प्रेक्षकांना हा राग कशावरचा ते कळलं नाही, की कळून घ्यायचं नव्हतं, कोण जाणे. तक्रारींचा पाऊस पडला. जॅक्सनने माफी मागितली, शेवटची चार मिनिटं कापली गेली. नंतरच्या एका आवृत्तीत तो भाग परत आला, पण आता त्या काचांवर वर्णद्वेषी घोषणा आणि नाझींचं स्वस्तिक रंगवलेलं होतं. म्हणजे तो वर्णद्वेषच फोडतोय, घाबरू नका! मला ती दुरुस्ती बघवत नाही. रागाचं कारण हातात ठेवल्याशिवाय कृष्णवर्णीय माणसाने रागावू नये, ही अटच त्या काचेवर लिहून ठेवल्यासारखी वाटते.

हे आजच्या मुलांना सांगावं लागतं, की नुसतं पडद्यावर दिसणं हीसुद्धा एके काळी लढाई होती. १९८१ साली सुरू झालेल्या एमटीव्ही या संगीतवाहिनीवर कृष्णवर्णीय कलाकार नावापुरते असत. १९८३मध्ये डेव्हिड बोवी या ब्रिटिश गायकाने मुलाखत द्यायला बसून उलट त्यांच्याच निवेदकाला विचारलं होतं, की इथे कृष्णवर्णीय इतके कमी का दिसतात? समाधानकारक उत्तर मिळालं नाही. म्हणून या परंपरेत 'कोण कुठे उभं आहे' याला एवढं वजन आहे.

रॅपर केंड्रिक लमारचा 'ऑलराइट' घ्या, २०१५चा, कृष्णधवल. गाडीत केंड्रिक आणि त्याचे दोस्त मजेत डुलतायत. कॅमेरा बाहेर येतो तेव्हा कळतं की गाडी चालतच नाहीये. गणवेशातल्या चार गोऱ्या पोलिसांनी ती खांद्यावर घेतलीय. पालखी म्हणावी तर आतले राजे झाले, तिरडी म्हणावी तर खांदेकरीच मारेकरी. दोन्ही खरं आहे आणि एकाने दुसरं खोडलं जात नाही. शेवटी केंड्रिक दिव्याच्या खांबावर उभा आहे, खालचा पोलीस हाताची बोटं पिस्तुलासारखी धरतो आणि नुसत्या बोटांनी 'गोळी' झाडतो. रक्त खरं येतं. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात क्लीव्हलँडला जमलेल्या आंदोलकांनी पोलिसांसमोर याच गाण्याचं ध्रुवपद म्हटलं.

गायिका बियॉन्सेच्या 'फॉर्मेशन'मध्ये (२०१६, दिग्दर्शक मेलिना मात्सूकस) ती पुराच्या पाण्यात बुडणाऱ्या पोलीस गाडीवर पहुडलेली आहे. कॅटरिना वादळात बुडालेलं न्यू ऑर्लिन्स. त्या शहरातल्या काहींना आपल्या दु:खाचा देखावा केला असं वाटलं, आणि ते मी झटकून टाकणार नाही. पण हूडी घातलेला एक लहान मुलगा पोलिसांच्या रांगेसमोर नाचतो आणि नाच संपल्यावर पोलीसच हात वर करतात, तो प्रसंग पक्का आहे. पोलिसांच्या काही संघटनांनी तिच्या कार्यक्रमांवर बहिष्काराची हाक दिली. बाईने 'बॉयकॉट बियॉन्से' छापलेले टी-शर्ट आपल्याच दौऱ्यात विकायला ठेवले. धंद्याला बाई पक्की.

तिचा आणि तिचा नवरा, रॅपर जे-झीचा, पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात चित्रित केलेला 'एपशिट' (२०१८) लोक 'श्रीमंतीचा दिखावा' म्हणून सोडून देतात. तिथे मी अडवते. दाविद या चित्रकाराने काढलेल्या नेपोलियनच्या राज्याभिषेकाच्या अवाढव्य चित्राखाली बियॉन्से आणि नर्तकी हातात हात घालून रांगेत नाचतात. फ्रान्सने १७९४मध्ये आपल्या वसाहतींतली गुलामगिरी रद्द केली आणि १८०२मध्ये याच नेपोलियनने ती परत आणली. या दोन वर्षांच्या मध्ये, १८००साली, मारी-गियमीन बेनवा या चित्रकर्तीने एका कृष्णवर्णीय स्त्रीचं व्यक्तिचित्र केलं. तेही लूव्रमध्येच आहे, आणि तेही व्हिडिओत येतं. या तारखा बियॉन्सेच्या डोक्यात होत्या का? मला माहीत असायची गरज नाही. ती चित्रं तिथे त्याच इतिहासाने टांगलेली आहेत, आणि त्यांच्यासमोर कोण नाचतंय हे तर तिनेच ठरवलं. लूव्रचंही फावलं म्हणा. त्या वर्षी १ कोटीहून जास्त लोक आले आणि संग्रहालयाने त्याचं थोडं श्रेय या व्हिडिओला दिलं.

फसलेलं प्रतीकही ओळखता यायला हवं. गायक अशरच्या 'चेन्स'ची (२०१५) एक आवृत्ती अशी होती की हिंसेत मारले गेलेल्या कृष्णवर्णीयांचे चेहरे पडद्यावर येत आणि तुम्ही नजर वळवलीत तर वेबकॅमला ते कळून गाणं थांबत असे. हेतू चांगला. पण नजर बळजबरीने धरून ठेवली की माणूस बघत नाही, हजेरी लावतो. 'रन द ज्युल्स' या रॅप जोडीच्या 'क्लोज युअर आइज'मध्ये, त्याच वर्षीच्या, एक गोरा पोलीस आणि एक कृष्णवर्णीय तरुण रस्त्यापासून घरापर्यंत झटापट करत राहतात, दोघेही थकून लोळागोळा. अभिनय जबरदस्त. तरी दोघांचा थकवा सारखाच दाखवणं मला खटकतं. त्यातल्या एकाच्या पाठीशी पोलीस खातं आहे, न्यायालय आहे.

प्रश्न विचारणाऱ्यांपैकी काही जण आणखी एक आक्षेप घेतात, आणि तो मात्र मला मनापासून पटतो: कृष्णवर्णीयांचे मृत्यू पुन्हा पुन्हा दाखवून आपण काय मिळवतो? 'धिस इज अमेरिका'त चर्चमधल्यासारखे झगे घातलेले गायक गात असतात आणि ग्लोव्हर रायफलने त्यांना उडवतो. २०१५मध्ये चार्ल्सटनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये बायबलवाचनाला जमलेल्या ९ जणांना एका गोऱ्या तरुणाने मारलं, त्याची आठवण न येणं अशक्य. ज्यांची माणसं गेली त्यांनी हा प्रसंग गाण्याच्या ठेक्यावर का बघावा, याला 'कला आहे' हे उत्तर पुरत नाही. मुराईनेच चार वर्षं आधी, 'नेव्हर कॅच मी'मध्ये, शवपेटीतली दोन मुलं उठवून चर्चभर नाचवली होती. शोक करणाऱ्यांना ती दिसत नाहीत, आपल्याला दिसतात, आणि ती बाहेर उन्हात जाऊन शववाहिकाच पळवतात. मृत्यू न दाखवता मृत्यूबद्दल बोलता येतं, हे त्याला ठाऊक होतं.

म्हणून गायकांचा तो प्रसंग मी थांबवून, मागेपुढे करून दाखवणं सोडलंय. एकदा सरळ जाऊ देते. लाल कापडापाशी मात्र अजूनही थांबते.