हिरवळीवर बसू नये

गेल्या एप्रिलमध्ये मी दोन दिवस सोलापुरात होते. त्यातले साडेचार तास एका कॉलेजच्या फाटकाबाहेर गेले आणि आठवतात तेवढेच.

बहिणीच्या मुलीची सीईटी होती. भावजींना सुट्टी नाही, बहिणीचा पाय मुरगळलेला, म्हणून पुण्याहून हुतात्मा एक्सप्रेसने मावशी हजर. रात्री दहाच्या पुढे पोचले, भाकरी-आमटी खाऊन आडवी झाले, तोच दोन वाजता बहिणीने हलवलं. "ऊठ गं, पाणी आलं!" पाच दिवसांनी नळ आला होता. पिंप, बादल्या, हंडे, कुकर, अगदी फुलदाणीसुद्धा भरून घेतली. सोलापूरला पाणी येतं ते एकशेदहा किलोमीटरवरच्या उजनी धरणातून, आणि उन्हाळ्यात इथे लोक एकमेकांना तब्येत विचारावी तसं "उजनी मायनसमध्ये गेली का?", म्हणजे धरणातला उपयुक्त साठा संपला का, असं विचारतात. झोपायला साडेतीन वाजले.

हे एवढं सांगितलं ते पुढचं चित्र कळावं म्हणून. सकाळी साडेनऊला आम्ही सेंटरवर पोचलो. कॉलेजचं नाव लिहीत नाही. फाटकाच्या गजांतून आत बघितलं, तर हिरवागार, गुळगुळीत, टेनिसच्या मैदानाएवढा लॉनचा चौकोन. कडेने पांढऱ्या रंगाने रंगवलेल्या विटा. मध्ये चार फवारे टिकटिक करत गोल फिरत होते आणि ऊन असलं, की थेंब जमिनीवर पोचायच्या आधीच विरत असतील. पाटी होती: "हिरवळीवर बसू नये." त्याखाली दुसरी: "पालकांनी आवारात थांबू नये."

मुली आत गेल्या. आम्ही शे-दीडशे पालक रस्त्यावर. मंडप नाही, बाकडं नाही, पाण्याचा जार नाही. मी वॉचमनला म्हटलं, "आत त्या झाडांखाली तरी बसू द्या." तो म्हणाला, "जमत नाही मॅडम, वरून ऑर्डर आहे." आणि ते पाणी? "बोअरचं आहे ते." जणू बोअरचं पाणी जमिनीतून येत नाही, वरून ऑर्डरनेच येतं!

सावली एकच होती. कंपाउंडच्या भिंतीत एक जुना कडुलिंब होता. भिंतीत म्हणजे खरोखरच भिंतीत. ज्याने भिंत बांधली, त्याने झाड तोडायचं सोडून तिथे भिंतीला पोटासारखा बाक दिला होता. खोड आतल्या बाजूला, पण अर्ध्या फांद्या रस्त्यावर. चैत्रातली कोवळी, तांबूस पालवी आणि बारीक पांढरा मोहोर. सगळ्यांच्या केसांत, डब्यांत, फायलींवर तो पडत होता. त्या सावलीत आम्ही इतके दाटीवाटीने बसलो, की सावली सरकली की अख्खी जमात ढुंगणावर सरकायची. अक्कलकोटच्या एक बाई लेकाला फोनवर कानडीत झापत होत्या आणि फोन ठेवून माझ्याशी मराठीत हसत होत्या. शहराच्या पूर्व भागातले एक गृहस्थ, घरात यंत्रमाग, मुलीला डॉक्टर करायचं ठरवलेलं. त्यांनी पेपर पसरून मला जागा दिली. "बसा ताई. इथं सावली सोडली की मेलाव."

अकराच्या सुमारास आतून भिंतीच्या बाजूला खुरप्याचा आवाज आला. माळी होते, साठीचे, डोक्याला टॉवेल. मी उभी राहून भिंतीवरून डोकावले आणि जरा तावातच विचारलं, "मामा, भर उन्हात फवारा कशाला लावलाय? निम्मं पाणी उडून जातंय."

"मला कळत नाही व्हय?" ते वैतागून म्हणाले. "पहाटं द्यावं पाणी. पर सायेब येत्यात अकराला. तवा फवारा चालू दिसाया पायजे."

मग ते बोलायलाच लागले. लॉन म्हणजे सायबाचं बाळ, रोज दोनदा आंघोळ. हा कडुलिंब? त्याला चार वर्षांत एक बादली घातली नाही. पडलेला पाला झाडून जाळायचा हुकूम होता, तो ते लपूनछपून झाडाच्याच आळ्यात टाकतात, म्हणजे ओल धरून राहते. गुलमोहर देखणा खरा, पण मुळं वरवर. वळवाच्या वाऱ्यात पहिला तोच आडवा होतो. लिंब हलत नाही. बोलता बोलता त्यांनी पाइप ओढून आळ्यात सोडला आणि "ऑर्डर लॉनची हाय, पर पाइप माझ्या हातात हाय" असं म्हणून हसले. पाचेक मिनिटांत भिंतीच्या फटीतून ओल्या मातीचा गार वास आमच्याकडे आला. यंत्रमागवाल्यांनी डोळेच मिटले.

आता कबूल करते. पुण्यात आमच्या सोसायटीच्या बाग समितीत मी आहे. तीन वर्षांपूर्वी शेवग्याची दोन झाडं काढून तिथे मेक्सिकन लॉन लावायचा ठराव माझा. त्यावर पोरं क्रिकेट खेळतात म्हणून पाटी करून घेतली, तीही मीच. मजकूर हाच, अक्षर जरा बरं. हे त्या मामांना सांगायचं धाडस झालं नाही.

पेपर सुटला. भाची घामाने निथळत आली. "मावशी, आत जायच्या आधी अर्धा तास त्या लॉनच्या कडेने उन्हात लाइनमध्ये उभं केलं होतं." पेपर कसा गेला? "बायो बरा." फिजिक्सचं नाव काढायचं नाही हे मला समजलं.

संध्याकाळी भावजींनी मला गाडीवरून विद्यापीठात नेलं. केगावला, पुणे रस्त्यावर. 2004 मध्ये एका जिल्ह्यापुरतं स्थापन झालेलं विद्यापीठ, आता अहिल्यादेवी होळकरांच्या नावाचं. मला तिथलं मोकळं आभाळ जास्त आवडलं. भावजी म्हणाले, "सोलापूरचं खरं गवत असं असतंय, काय की. उन्हाळ्यात पिवळं पडणारं, कुसळांचं." इथून जवळच, नान्नजला, माळढोकासाठी याच गवताचं अभयारण्य केलंय 1979 पासून. ज्या गवताला तिथे राखण ठेवली, तेच कॉलेजात उपटून त्या जागी विकतचं हिरवं अंथरायचं, याला काय म्हणावं!

दुसऱ्या दिवशी सिद्धेश्वर, तळं, चादरींचं एक दुकान. भावजींनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली.

एक राहिलंच. निघताना माळीमामांनी भिंतीवरून बहाव्याच्या चार काळ्या, वाळक्या शेंगा दिल्या होत्या. "बिया दगडावर घासा, रातभर पाण्यात टाका, मग लावा. न्हाईतर उगवत न्हाईत." परतीच्या गाडीत त्या पिशवीत खुळखुळत होत्या. शेजारच्या बाईंनी विचारलं, "औषधाला का?" म्हटलं, नाही, सोसायटीत लावायच्यात. कुठे, ते मात्र अजून समितीला सांगितलेलं नाही.