पान-अमेरिकन हायवेवरची एकादशी

पेरूची राजधानी लिमाहून पहाटे पाचला बस सुटली. मिराफ्लोरेसचे दिवे मागे पडले तेवढ्यात मागच्या सीटवरून काकूंनी विचारलं, "अगं, आज आषाढी ना?"

माझ्या पोटात धस्स झालं. मी सहलीला घेऊन आलेल्या अठरा जणांच्या ग्रुपमध्ये उपास करणाऱ्या त्या एकट्याच. निघण्यापूर्वी त्यांनी फोनवर सांगितलं होतं, मी वहीत लिहूनही घेतलं होतं. पण साडेदहा तासांच्या फरकात माझं गणित एका दिवसाने चुकलं. त्यांचा साबुदाणा आणि दाण्याचा कूट विमानतळावरच्या तपासणीत आधीच गेला होता. हॉटेलने बांधून दिलेल्या डब्यात पाव आणि चीज. "पाणी पिऊन राहीन मी, तू जीवाला लावून घेऊ नकोस," त्या म्हणाल्या. वय बहात्तर, पुढे दिवसभराचा प्रवास. जीवाला लागायचं ते लागलंच.

आणि हे लिमात घडावं! 2023 साली जगातलं सर्वोत्तम ठरलेलं रेस्टॉरंट याच शहरातलं. सेविचे, म्हणजे लिंबाच्या रसात मुरवलेली कच्ची मासळी, इथे दुपारीच खायचं, कारण मासळी सकाळची हवी, हे टॅक्सीवालासुद्धा बजावून सांगतो.

बाहेर गारुआ होता. पाऊस म्हणावा तर रस्ता धड भिजत नाही, धुकं म्हणावं तर काच पुसत राहावं लागतं. हिवाळ्यातल्या या आभाळाला लिमाकर 'गाढवाचं पोट' म्हणतात. एका बाजूला पॅसिफिक, दुसऱ्या बाजूला वाळूचे डोंगर, त्यांवर गवताची काडी नाही. समुद्राला लागून वाळवंट कसं, हे दरवेळी कुणीतरी विचारतंच. किनाऱ्यालगत हम्बोल्टचा थंड प्रवाह वाहतो. त्याच्यामुळे हवा खालीच थंड राहते, ढग होतात पण पाऊस पडत नाही. त्याच प्रवाहाने मासळी अमाप दिली.

दोन तासांनी पेट्रोलपंपावर थांबलो. मी दुकानात केळी शोधत होते. काकू काउंटरपाशी उभ्या राहून एक वडी उलटसुलट करून बघत होत्या. "हा राजगिरा आहे." वेष्टनावर लिहिलं होतं 'किविचा'. गाइडला विचारलं, तर अँडीजमधलं धान्य, लाह्या करून मधात वळलेलं. राजगिऱ्याचाच भाऊबंद. इतक्या वर्षांत मी त्या वड्यांकडे कधी लक्षच दिलं नव्हतं.

पाराकासला पोहोचलो तर समुद्र खवळलेला, बंदर बंद. बायेस्तास बेटांवरचे पेंग्विन आणि समुद्रसिंह राहिले. ग्रुपचा हिरमोड झाला, पैशांची विचारणा झाली, ते सगळं निस्तरलं. माझं मन दुपारच्या जेवणात अडकलेलं.

इकाच्या वाटेवर एका लहान खाणावळीत शिरलो. मी थेट स्वयंपाकघरात गेले. मोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं: मासे, मांस, कांदा, लसूण, धान्य काही नको, मासे तळलेलं तेल नको, पातेलं वेगळं हवं. बाई शांतपणे ऐकून म्हणाल्या, "मग कामोते देते. पापा देते. युका आहे. मानी आहे." रताळं, बटाटा, साबुदाण्याचा कंद, शेंगदाणे.

मी तिथेच उभी राहिले. आदल्या दिवशी लिमाच्या लार्को संग्रहालयात पेरूच्या प्राचीन मोचे लोकांची मातीची भांडी पाहिली होती. कुठे बटाट्याच्या आकाराचं, कुठे शेंगेच्या, हजार-दीड हजार वर्षांपूर्वीची. मी माहिती सांगून पुढे गेले होते. आपलं उपासाचं ताट, मिरचीसकट, या खंडातून निघून जहाजांनी आपल्याकडे आलं. 'बटाटा' हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांनी आणून दिलेला.

काकू माझ्या मागोमाग आत आल्या होत्या. कोपऱ्यात बातान होतं: सपाट दगड आणि वर दोन्ही हातांनी डोलवायचा गोल पाठीचा दगड. "अगंबाई, पाटा-वरवंटा!" त्यांनी पदर खोचला. भाजलेले मानी, पिवळी आही मिरची, मीठ. वरवंट्यासारखा पुढे-मागे ओढला तर दगड हलेना. बाईंनी त्यांचे मनगट धरून डोलवायचं कसं ते दाखवलं. दोघी एकमेकींना आपापल्या भाषेत सूचना देत होत्या आणि दोघींना सगळं कळत होतं. लिंबू पिळून ती चटणी उकडलेल्या युकाबरोबर काकूंनी हात जोडून खाल्ली. बाकीच्यांनीही मागून घेतली. पेंग्विनचं नाव कुणी काढलं नाही.

निघताना काकूंनी विचारलं, "उद्या पारण्याला काय?" बाईंनी मूठभर पांढरे, चपटे, पावट्याहून मोठे दाणे दाखवले. पायारेस, इकाच्या खोऱ्यातले. अँडीजवरून उतरणाऱ्या नदीकाठच्या हिरव्या पट्ट्यात पिकतात. पैसे त्यांनी घेतले नाहीत.

रात्री हॉटेलच्या मुदपाकखान्याशी मी बोलून ठेवलं. काकूंनी खोलीत दाणे भिजत घातले आणि वरून रुमाल झाकला. सकाळी पाहिलं तर दुप्पट फुगले होते.